भाजलेली रेती

भाषणात रेल्वेच्या साहेबांनी वाफेच्या इंजिनाला ‘म्हातारा बैल’ म्हटलं आणि वडशाच्या फलाटावर टाळ्या पडल्या. त्याच बैलाच्या जिवावर तीस वर्षं तांदूळ विकलेल्यांनी जरा जास्तच वाजवल्या. अठ्ठावन्न सालचा पौष होता. गाडीला पहिल्यांदाच डिझेलचं इंजिन लागलं होतं. त्याच्या गळ्यातला हार प्रेमिला डब्यातून बघत होती. तिच्या बापाच्या, मुखरू ड्रायव्हरच्या, तिरडीवरही इतकी फुलं नव्हती. त्याला जाऊन चौदा दिवस झाले होते आणि ती मूल गावी शाळेत शिकवायला परत निघाली होती. पावसाळ्यात त्यानं तिच्याकडून साहेबांना एक अर्ज लिहून घेतला होता. उत्तर आलं का, हे तो शेवटपर्यंत विचारत होता.

सिंदेवाहीच्या पुढे चढ आहे. तिथे रुळांवर सागाची पानं पडतात, दवानं भिजतात आणि चाकाखाली साबण होतात. अर्ध्या चढावर डिझेल जागच्या जागी चाकं फिरवू लागलं. मग थांबलं.

साहेब उतरले. ‘‘रेती सोडा रुळांवर, चाकं पकड घेतील.’’

‘‘रेती उतरून नाई राह्यली,’’ फायरमन झाडू म्हणाला. मुखरूच्या इंजिनात तो कोळसा टाकायचा. आता त्याला डिझेल पुसायला ठेवलं होतं. ‘‘नदीतली ओली भरली, पेटीतच गोळा झाली. मुखरूभाऊ फावड्यावर घेऊन भट्टीत भाजत होता. याले भट्टी कुठी हाय?’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो ना. आपण म्हणाले, पुसाचं तेवढं पूस.’’

दगड मांडून त्यावर पत्रा ठेवला, रेती पसरली. पण पानं, काटक्या, सगळंच ओलं. साहेबांनी आपल्या बॅगेतून डिझेलची फाइल काढली आणि पेटवायला वरचे कागद झाडूपुढे धरले. प्रेमिलाही उतरून तिथे आली होती; पहिल्या कागदावरचं अक्षर तिचंच होतं.

‘‘तेवढा अर्ज आधी वाचून दाखवा,’’ ती म्हणाली.

साहेबांनी वाचला. ‘डिझेलला भट्टी नाही. तरी शेडमध्ये रेती भाजण्याची सोय व्हावी. नाहीतर सिंदेवाहीच्या चढावर गाडी अडेल. मुखरू, ड्रायव्हर.’ खाली त्यांनीच तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘अडाण्याची भीती. फाइल करा.’ ते मात्र त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही.

‘‘रोज शंभर कागद येतात हो, बाई.’’

प्रेमिलानं अर्ज त्यांच्या हातातून घेतला. ‘‘जाळायला भाषण आहे ना तुमचं? चार पानी होतं.’’

भाषण चांगलं पेटलं. झाडूनं रेती भाजली, साहेब धुरात खोकत टोपीनं वारा घालत राहिले. तासाभरानं चाकांनी रूळ धरला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ते कशालाही वाजवतात.

मूलला साहेब तिच्या खिडकीशी आले. ‘‘तो अर्ज द्या. अहवालाला जोडतो. शेडमध्ये भट्टी होईल, तुमच्या वडिलांचं नाव होईल.’’

‘‘नक्कल करून घ्या,’’ प्रेमिला म्हणाली आणि कागद खिडकीत उलगडून धरला. ‘‘शेऱ्यासकट.’’

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. तांबड्या अक्षरांपाशी त्यांची नजर थांबली. टोपण परत बसलं.

‘‘गाडीला आधीच उशीर झालाय,’’ ते म्हणाले.

प्रेमिलानं कागदाची घडी केली आणि ती खाली उतरली.