गोगलगायींचं जेवण

ताटलीला सहा खळगे, आणि प्रत्येकात लोण्या-लसणात तडतडणारी एकेक गोगलगाय, शंखासकट. ते पाहताच तिच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्यांदा जेवायला आलेल्या बाईला कुणी हे वाढतं? पाणी जोखायचं असेल तरच.

चष्मेवाल्यानं तिला मागणी घातली होती, पण त्याची आई अडून बसली होती. "बाई चांगली असेल रे, पण कडेवर मूल आहे. आधी बघू तर दे." हेही त्यानंच भाबडेपणानं सांगून टाकलेलं. आज त्यांनी नाक मुरडलं, की ती आणि पिटुकली पुन्हा दोघीच, भाड्याच्या त्या ओलसर खोलीत.

"आमच्याकडे एकच रीत," त्याची आई म्हणाली. "शंख रिकामे झाल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही."

हे सांगताना त्यांची नजर पलीकडच्या खोलीच्या दाराकडे का गेली? पिटुकली तिथंच झोपली होती.

तिनं शंख धरायचा चिमटा उचलला. दातांच्या दवाखान्यात दिवसभर डॉक्टरांच्या हातात चिमटे देणारी ती. तिला काय अवघड? तिनं शंख चिमट्यात धरून चिमटा चांगला दाबला. शंख सुटला आणि लोण्याचा ओघळ काढत थेट त्यांच्या पेल्याला जाऊन टेकला.

"उलटा असतो हा चिमटा," त्या शांतपणे म्हणाल्या. "दाबला की उघडतो, सोडला की धरतो. सगळ्याच फसतात."

सगळ्याच? म्हणजे आणखी कोणकोण बसून गेलं या खुर्चीवर? चष्मेवाल्याला अचानक ठसका लागला.

तो आणि दुसरा शंख जेमतेम रिकामे झाले, तोच पिटुकली रडायला लागली.

"मी बघतो," तो अर्धवट उठला.

"तू बस." आईचा आवाज चढला नव्हता, पण तो बसला.

दोघांच्या नजरा आता तिच्यावर. ताटलीत चार शंख भरलेले. हाच तो डाव, तिला वाटलं. तिनं रुमाल खाली ठेवला.

"रीत मोडतेय, माफ करा. ती नवख्या जागी घाबरते."

लेकीला खांद्यावर थोपटत ती परतली, तेव्हा तिच्या ताटलीतले सगळे शंख रिकामे होते. शेजारी एका वाटीत मांस काढून, वर लोणी ओतून ठेवलेलं. त्याची आई बोटं पुसत होती.

"चिमट्याला दोन हात लागतात. तुझा एक अडकलाय. काट्यानं खा."

"आणि ती रीत?"

"शंख रिकामे व्हायला हवेत. झाले ना? कुणी केले, ते कोण विचारतंय?"

तिनं आधी वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

"रात्री उठते का गं ही फार?"

"दात येताहेत. उठते."

"मग हिच्या पाळण्याला जागा करायला माझी खाट पलीकडच्या भिंतीला न्यायला हवी," त्या मुलाकडे वळल्या. "ऐकलंस का रे? रविवारी."

तिनं एक तुकडा काट्याला टोचला. संशय अजून पुरता गेला नव्हता. पण भूक मात्र सडकून लागली होती.