पाण्याखालचा बांध

भिमाजी केंगल्याची सात भातखाचरं डिंभ्याच्या धरणात बुडाली, त्याला तीस वर्षं उलटून गेली. खाचरं बुडाली, पण त्यांचे दगडी बांध काही बुडायला तयार नव्हते. उलट दरसाल हातहातभर वाढत होते. भिमाजीच्या तोंडात. पहिल्या साली बांध गुडघ्याएवढा होता. पाचव्या साली कमरेला लागला. समृद्धीच्या, म्हणजे सात वर्षांच्या नातीच्या कानावर येईस्तोवर तो हत्ती चालवावा इतका रुंद झाला होता.

"सायबानं बुलडोझर घातला व्हता त्याच्यावर," भिमाजी सांगायचा. "बुलडोझरचं दात पडलं! अजून घावतील गाळात."

"किती दात, आबा?" समृद्धी विचारायची.

"बत्तीस!"

पोरगी खदखदून हसायची आणि भिमाजीला वाटायचं, आपण खरंच बोलतोय.

मुलगा अमृत चाकणला कंपनीत होता. सून मोहिनी वारूळवाडीची. तिची बहीण अंदमानला जाऊन आली आणि तेव्हापासून मोहिनीच्या मोबाइलमध्ये निळं पाणी, झाडाला बांधलेला झोपाळा आणि चिटपाखरू नसलेलं बेट, एवढंच दिसायला लागलं. मे महिन्यात सगळी घरी आली तेव्हा भिमाजीनं फोटो बघून नाक मुरडलं.

"इमानात बसून दुसऱ्याच्या बेटावर कशाला जायाचं? आपलं सोताचं बेट हाय की, राव!"

बेट म्हणजे खाचरांच्या टोकाचं टेपाड. धरण भरलं की तेवढंच पाण्याबाहेर राहायचं. भिमाजीची बायको बयाबाई म्हणाली, "अवं, तिथं काय हाय? दगड आन् काटं." पण मोहिनीचे डोळे चमकले होते.

पलीकडच्या वस्तीवरच्या बहिरूनं आपल्या मशीनच्या होडीतून सगळ्यांना पोचवलं. "परवा संध्याकाळी ये," अमृतनं त्याला बजावलं. "मधे कुणी फिरकू नको. शांतता पाहिजे."

"शांतता लई हाय," बहिरू म्हणाला. "मोबाइलची रेंजबी न्हाई."

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. बयाबाईच्या जुन्या लुगड्याचा झोपाळा झाला. अमृतनं मासे धरले. मोहिनी पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "आबा, अंदमानपेक्षा भारी." ते ऐकून भिमाजीची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून पार पलीकडच्या काठाला लागलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धीनं भातुकलीच्या चुलीसाठी दगड उचलला. खाली तांबडा विंचू होता.

आधी ती नुसती ओरडली. मग ओकली. मग मे महिन्याच्या उन्हात तिला दरदरून घाम फुटला आणि हातपाय गार पडायला लागले. बयाबाईनं बोट बघितलं, नातीच्या कपाळाला हात लावला, आणि तिचं तोंड उतरलं. "ह्यो साधा न्हाई. पोरीला दवाखान्यात न्यायाला पायजे. आत्ताच्या आत्ता."

टेपाडाच्या तीन अंगांना पाणी. पाण्यापलीकडे बहिरूची वस्ती, लांब, काडेपेट्यांसारखी घरं. चौथ्या अंगाला खाचरं होती. कालव्याला पाणी सोडल्यानं तिकडचं पाणी ओसरून चारेकशे पावलांचा गाळ उघडा पडला होता. वरून वाळून भेगाळलेला, आतून शिजलेल्या घाट्यासारखा मऊ. गाळापलीकडे काठ, आणि काठावर घोडेगावला जाणारा डांबरी रस्ता.

अमृतनं सदरा काढला. पाण्याचे दोन रिकामे कॅन दोरीनं छातीला बांधायला लागला. "मी पोहत जातो. दीड तासात बहिरूला घेऊन येतो."

"दीड तास होडीला, मग पलीकडनं गाडी!" भिमाजी म्हणाला. "आन् समोर रस्ता दिसतोय. खालनं बांध हाय की आपला. सात खाचरं, सात बांध. दहा मिन्टात काठाला."

"गाळ हाय, आबा."

"गाळ वर हाय. बांध खाली हाय. मी घातलाय तो, मला इचार!"

अमृतनं बायकोकडं बघितलं. मोहिनी पोरीचे पाय चोळत होती. ती म्हणाली, "आबा म्हणतात तर जा ना! रस्ता समोर आहे!"

अमृतनं कॅन सोडले. लुगड्याचा झोपाळा सोडून त्याच लुगड्यानं समृद्धीला पाठीशी बांधली.

पुढं भिमाजी, हातात काठी. मागं अमृत. काठी गाळात हातभर जायची आणि टक्कन दगडाला लागायची. पहिलं खाचर. टक्. दुसरं. टक्. कुठं बांध वळतो, कुठं पाण्याला वाट ठेवलीय, भिमाजीच्या पायांना तोंडपाठ होतं. तिसऱ्या खाचराला वाकडं वळण होतं, तेही त्यानं बरोबर धरलं. मागं टेपाडावर दोघी बायका उभ्या होत्या. बयाबाई हात जोडून.

"बघ!" भिमाजी मागं न बघता म्हणाला. "हत्ती चालंल!"

चौथ्या खाचराला काठी खाली गेली आणि जातच राहिली.

त्यानं डावीकडं खुपसली. उजवीकडं खुपसली. एक पाऊल पुढं टाकलं तर मांडीपर्यंत आत गेला. अमृतनं त्याला दंडाला धरून ओढलं तेव्हा तोच गुडघ्यापर्यंत रुतला आणि पाठीवरची पोरगी कण्हली.

"आबा, बांध?"

भिमाजी काठीकडं बघत राहिला. मग त्याला आठवलं. विसरला नव्हताच म्हणा तो. त्यावर एवढ्या गोष्टी रचल्या होत्या की ते खालीच राहून गेलं होतं. गाव उठायच्या साली, पाणी चढायच्या आधी, त्यानं आणि बयाबाईनं महिनाभर दगड वाहिले होते. गाडीरस्त्याकडच्या चार खाचरांचे बांध मुळापासून उकरले होते, बैलगाडीत घातले होते आणि नव्या घराच्या जोत्यात बसवले होते. त्याच जोत्यावर बसून तो तीस वर्षं पोरांना बांध सांगत आला होता. ऐकून ऐकून बयाबाईच्याही डोक्यात तोच बांध उरला होता.

"आबा, म्होरं बांध कुठंय?"

"न्हाई," भिमाजी म्हणाला. "म्होरं न्हाई. मीच काढलाय."

अमृतनं शिवी दिली असती तर भिमाजीला बरं वाटलं असतं. तो पाठीवरची पोर सावरत वळला, आणि भिमाजीच्या हातातली काठी घेऊन आलेल्या वाटेनं ती टेकत परत निघाला. जायला लागला त्याच्या दुप्पट वेळ यायला लागला. टेपाडावर पोचल्यावर त्यानं पोरीला मोहिनीच्या मांडीवर दिलं, कॅन बांधले आणि पाण्यात उतरला. त्याचं डोकं लहान लहान होत गेलं. मोहिनीनं सासऱ्याकडं एकदाच बघितलं. पुन्हा बघितलं नाही.

ऊन चढलं. समृद्धीचा श्वास आता बुडबुड वाजत होता. भिमाजी तिचे तळपाय आपल्या तळहातांनी चोळत होता. तळहात गरम होते, पाय होत नव्हते.

"आबा," ती म्हणाली. "बांध कुठं गेला?"

"आपल्या घराखाली हाय, बाळा. आपण त्याच्यावरच झोपतो."

पोरीच्या ओठांचं एक टोक हललं. "खोटं," ती म्हणाली.

"खरं हाय गं. शप्पथ."

"किती हत्ती... मावतील?"

भिमाजीनं तोंड उघडलं. हत्ती आला नाही. तीस वर्षांत कधी नाही ते त्याला एक हत्तीही सुचला नाही. बयाबाईनं त्याच्या पाठीत ढोसलं. "सांगा की तिला! आता कशाला गप बसलाय?"

"एक," भिमाजी कसाबसा म्हणाला. "एक मावंल."

पण ते तिनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

होडीचं मशीन ऐकू आलं तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. अमृत होडी टेकायच्या आधीच उडी मारून धावत आला आणि मोहिनीजवळ येऊन थांबला. मोहिनी ओरडत नव्हती. पोरीच्या अंगावरचा वाळलेला गाळ ती नखांनी खरवडून काढत होती, एकेक ठिपका, कुणी बघितलं तर पोरीला हसेल म्हणून काढावा तसा.

सगळी होडीत बसली. बहिरूनं मशीन चालू केलं, मग सवयीनं दिलेला जोर हळूच कमी केला; आता घाई उरली नव्हती. त्यानं विचारलं, "भिमानाना, झालं तरी कसं?"

भिमाजीनं सांगितलं. दगड, विंचू, चौथं खाचर, पाण्यात उतरायला निघालेल्या पोराला आपण थांबवलं ते. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. सांगून झालं तरी होडी अजून टेपाडापासून फार लांब गेली नव्हती.