दाराला टेकलेला शिशाचा गोळा

मित्रांनो, पेरूच्या किनाऱ्यावर फेर्मीनच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवून ठेवलेला मी एक जुना शिशाचा गोळा आहे. पण माझा जन्म दारासाठी झाला नव्हता.

फेर्मीनने शिशाचे जुने नळ वितळवून मला वाळूच्या खळग्यात ओतलं आणि दोरी बांधली. जाळं टाकण्याआधी मला तळाशी सोडायचं, वर ओढायचं आणि गालाला लावायचं, ही आमच्या होडीची रीत. गाल नेहमी फेर्मीनच्या मेव्हण्याचा, एलेउतेरियोचा. मी बर्फासारखा लागलो की तो ओरडे, "टाका जाळं!"

दक्षिणेचा वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटी. त्याची जागा भरायला खालचं गार पाणी वर येई, आणि त्याबरोबर माशांचं खाणं. तेव्हा माझं कौतुक फार.

मग एका डिसेंबरात वारा पडला. कोमट पाणी झाकणासारखं पसरलं. मी तळाला जाऊन आलो, तोही कोमटच. फक्त खडकांआडच्या खाडीत गारवा उरला होता, आणि सगळे मासे तिथेच दाटले होते. गावात ढोल वाजले. वर्षभर कोळ्यांच्या रखवालदार संत पेद्रोकडे न फिरकलेल्यांनीही त्याच्यापुढे मेणबत्त्या लावल्या.

"दाजी, ही बरकत नाही," एलेउतेरियो म्हणाला. "जीव घेऊन पळून आलेत ते. एवढे सोडू या, बीज राहील."

"आपण सोडले तर शेजारी धरतील, मेव्हण्या! गाल पूस नि जाळं ओढ."

"आणि पुढच्या वर्षी काय ओढशील?"

"तुझे कान!"

सगळे हसले. एलेउतेरियोही हसला आणि जाळं ओढू लागला.

खाडी रिकामी झाली. उपाशी पक्षी वाळूवर बसून राहिले. माणूस जवळ आला तरी उडेनात. पुढे वारा परतला, पाणी गार झालं, पण मासे आले नाहीत. एलेउतेरियो डोंगरात बटाटे खणायला गेला. कितीतरी वर्षांनी मासे परतले, तो नाही. आता होड्यांवर यंत्रं आहेत. पडद्यावर मासा दिसला की जाळं पडतं. पाण्याची चौकशी कोण करतो?

मित्रांनो, माझं मागणं एवढंच, टोपल्या भरण्याआधी पाणी चाचपून बघा. आणि भीतीने जवळ आलेल्याला भेट समजू नका.

गेले काही दिवस दार वाऱ्याने माझ्या अंगावर रेलत नाही. काल फेर्मीनने मला पायाने बाजूला सारलं आणि तो बराच वेळ दाराकडे बघत राहिला. दार हललं नाही.

खाडीकडून ढोल ऐकू येत आहेत.