दाढवाल्या डॉक्टरांचं केकचं दुकान

आमच्या गावाचा हमरस्ता म्हणजे मानवी संस्कृतीची अखंड वाटचाल आहे. वाटचाल फार लांबची नाही. वरच्या टोकाला कुणी शिंकलं, की खालच्या टोकाचा सलूनवाला तिथूनच ओरडतो, "औषध घेतलंत का?"

अलीकडे मात्र इथल्या इमारतींनी आपसात खांदेपालट केला. लोहाराच्या भट्टीत मोबाइल दुरुस्त होऊ लागले. धान्याच्या कोठारात व्यायामशाळा निघाली. तिथे पूर्वी ओझी उचलणाऱ्याला पैसे मिळायचे, आता उचलणाराच पैसे देतो. पोस्टाला काचेचा दरवाजा बसला आणि आत दातांची नवी डॉक्टरीण आली. तिच्या बरोबर समोर जुन्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे त्यांच्या सुनेनं केकचं दुकान थाटलं.

जुने डॉक्टर म्हणजे आमचे दाढवाले डॉक्टर. साऱ्या गावाच्या दाढा त्यांनीच उपटल्या. गोड खाणाऱ्याला ते असे झापत, की तो घरी जाऊन साखरेच्या डब्याकडे पाठ करून बसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जागा हौसेनं सुनेला दिली, स्वतः भिंती रंगवल्या आणि मदत म्हणून गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून रोज बसू लागले.

झालं! गिऱ्हाईक दारापर्यंत येई, काचेमागचं चॉकलेट बघून विरघळे, आणि डॉक्टरांची नजर पडताच ओठ घट्ट मिटून पुढे सटके. शाळेच्या मोठ्या बाई तेवढ्या हिय्या करून आत शिरल्या. पण डॉक्टरांनी "या, या" म्हणताच त्यांनी सवयीनं आ वासला. मग ओशाळून नुसत्या मेणबत्त्या घेऊन गेल्या.

एका शनिवारी सून माझ्याकडे आली.

"काका, ऑफिसनं सोमवारपर्यंत माझी जागा राखून ठेवलीय. आजही केक उरले तर दुकानाला कुलूप."

"अगं, सासऱ्यांना सांग ना घरी बसायला."

"कशी सांगू? जागा त्यांची, रंग त्यांनी दिला. वर रोज विचारतात, 'माझी मदत होते ना गं?' तुम्हीच सांगा काका. तुमचं ऐकतील."

"माझी कवळी त्यांनी केलीय. त्यांच्याच दातांनी त्यांना बोलू?"

पण तिचा चेहरा बघून गेलो. डॉक्टर गालाला हात लावून, एरंडेल प्यायल्यासारखे बसले होते.

"डॉक्टर, राग मानू नका, पण तुमचं हे तोंड बघून गिऱ्हाईक पळतंय."

"तोंडाला काय करू? दाढ ठणकतेय."

"कधीपासून?"

"दुकान उघडायच्या आधीपासून."

"अहो, मग समोर एवढी डॉक्टरीण बसलीय!"

डॉक्टरांनी सून आत असल्याची खात्री केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "भीती वाटते हो."

"तुम्हाला? कशाची?"

"कशाची म्हणजे? तिथे काय काय करतात ते मला माहितीय ना!"

ही गोष्ट मी फक्त सलूनवाल्याच्या कानात घातली. म्हणजे गावभर दवंडी पिटायचा त्रास वाचला. बघता बघता दुकानासमोर ही गर्दी! ज्याची ज्याची दाढ डॉक्टरांनी काढली होती, तो तो हातातलं काम टाकून आला. गलका ऐकून डॉक्टर दाराबाहेर आले.

"डॉक्टर, मुंगी चावल्यासारखं होईल फक्त," सलूनवाला म्हणाला. "मला तुम्हीच सांगितलं होतंत."

"रडायचं नाही हं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शहाणे ना तुम्ही?"

"बाई, तुम्ही माझ्या बोटाला चावला होतात!"

"मग? तुम्ही काढलीतच ना दाढ?"

सुनेनं त्यांचा दंड धरला. "चला बाबा, मी येते सोबत."

"तू दुकान बघ. गिऱ्हाईक खोळंबेल."

सुनेची नजर दुकानाकडे गेली. डॉक्टरांनी वळून पाहिलं. काचेमागे केक भरगच्च, दुकानात चिटपाखरू नाही. मग त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं.

"माझ्यामुळे होय गं?"

तिनं मान खाली घातली. डॉक्टरांनी तिचा हात हळूच सोडवला आणि एकटेच रस्ता ओलांडून काचेच्या दरवाजातून आत गेले.

आता आम्ही थांबणार कुठे? नव्या दवाखान्यात बाकं नाहीत. लोक मोबाइलवर वेळ घेऊन येतात आणि वेळेवर जातात. असल्या जागी गर्दीनं करायचं काय? सगळे केकच्या दुकानात शिरले. जरा वेळ नुसती चुळबुळ झाली. मग सलूनवाल्यानं रिकाम्या खुर्चीकडे एक नजर टाकली.

"ते काळंभोर दिसतंय ना, त्याचा एक तुकडा दे गं."

बांधच फुटला! मोठ्या बाईंनी घरच्यांसाठी म्हणून दोन तुकडे बांधून घेतले आणि दारातच पुडा सोडला. काचेमागे नुसता चुरा उरला, तेव्हा सुनेनं ऑफिसला फोन लावला. "साहेब, माझी जागा द्या दुसऱ्या कुणालाही!"

तेवढ्यात डॉक्टर रस्ता ओलांडून परत आले. अर्धा चेहरा सुजलेला. अख्ख्या गर्दीनं बशा पाठीमागे लपवल्या. ओठांवरचं क्रीम लपवता येईना.

डॉक्टरांनी हात वर केला. "मंडळी," ते अर्ध्या तोंडानं म्हणाले, "आजवर मी जे जे खाऊ नका म्हटलं, ते सगळं मागे घेतो. खा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली. सून डोळे पुसत हसत होती. डॉक्टरांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी गहिवरून पुढे झालो. ते कानाशी लागले.

"माझा चष्मा समोर दवाखान्यात राहिलाय. तेवढा आणता का? मी काही परत आत जात नाही."