दहापैकी तीन

पाच वाजून वीस मिनिटांनी, गजर वाजण्याच्या आतच, दमयंतीने तो बंद केला. जपानमधल्या उरायासुतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात एक भांडे पडले तरी सगळे जागे होत, आणि तिचा नवरा शैलेंद्र आदल्या दिवशी कामावरून बराच उशिरा परतला होता. वरण संध्याकाळीच शिजवून ठेवलेले होते. कुकरच्या शिट्ट्यांबद्दल शेजारच्या बाईंनी एकदा अतिशय नम्र चिठ्ठी दारातून आत सरकवली होती, तेव्हापासून या घरात पहाटे शिट्टी होत नसे. तिने पोळ्या लाटल्या, तीन डबे भरले, लेकीच्या, संपदाच्या, डब्याला जपानी मुलींसारखा रुमाल बांधला. मंगळवार जळाऊ कचऱ्याचा दिवस. तिने पिशवीचे तोंड आवळले. टपालपेटीत साठलेले जाहिरातींचे चकचकीत कागद मात्र कचऱ्यात न टाकता ओळखपत्राशेजारी, खांद्यावरच्या पिशवीत सपाट ठेवले. दार ओढताना आतून संपदाचा झोपाळू आवाज आला, "इत्तेराशाई." जाऊन ये, एवढाच त्याचा अर्थ. तेरा वर्षांच्या या मुलीच्या तोंडून निरोपाचे शब्द मराठीत कधी यायचे थांबले, ते दमयंतीला आठवत नव्हते.

गाडीने एकच स्टेशन. पुलाखालून जुनी एदो नदी सरकून गेली, की कसाई नावाचे स्टेशन येई. तिथून आठ मिनिटांवर ते इस्पितळ. तिसऱ्या मजल्यावरच्या दीर्घकालीन रुग्णांच्या वॉर्डात ती गेले दहा महिने उमेदवारी करत होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येते; म्हणून चार दिवस सात-सात तास वॉर्ड आणि शनिवारी वर्ग. काम करता करता शिकायचे, आणि शेवटी परिचर्या-सहायक म्हणून रुजू व्हायचे. अंघोळ, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, चाकाच्या खुर्चीत बसवणे या सगळ्या परीक्षा तिने पार केल्या होत्या. उरली होती ती एकच, भरवण्याची. ती येत्या शुक्रवारी होती, आणि तिची कुणालाच काळजी नव्हती.

त्याचे कारण कुवाबारा-सान, म्हणजे कुवाबाराबाई, होत्या. एक्क्याण्णव वर्षांच्या, पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडलेल्या. पूर्वी त्या इतरांच्या हातून निम्मेच जेवत. जेवणाच्या तक्त्यावर दहापैकी पाच, चार, कधी तीन. अकरा दिवसांपूर्वी दमयंतीच्या सगळ्या पाळ्या त्यांच्याकडे लावल्या गेल्या आणि तिच्या हातून आकडा दहावर जाऊन बसला तो हललाच नाही. तिच्या सुट्टीच्या दिवशी तो पुन्हा खाली येई, त्यामुळे तिचे कौतुक दुपटीने होई. तिची शिक्षिका मोरिता-सान तीस वर्षे याच कामात मुरलेल्या, जिभेने तिखट बाई. त्या म्हणत, दमयंती-सानच्या पेनाला एकच आकडा लिहिता येतो.

भरवणे दमयंतीला शिकावे लागले नव्हते. सांगलीला तिचे वडील, नंदकिशोर, लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट घेऊन उभे राहिले की जेवणारे धास्तावत. पानावर आडवा हात हा नकार नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते, असे ते सांगत. जो पहिल्या 'नको'ला मागे फिरला तो यजमान कसला? कुवाबारा-सान चार-सहा चमच्यांनंतर उजवा हात छातीपाशी उभा धरून "गोचिसोसामा" म्हणत. जेवण झाले, आभार, असे सांगण्याची ती रीत. दमयंती हसून, गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येई आणि म्हणे, हा एक माझ्यासाठी. मग हा लेकीसाठी. आणि त्या ओठ उघडत.

त्या सकाळीही तसेच झाले. तिने रिकामी वाटी ट्रेमध्ये ठेवली, पाठ वळवून तक्त्यावर दहा लिहिले, आणि घरून आणलेले कागद त्यांच्या उशाशी ठेवले. कुवाबारा-सान एका हाताने, दुसऱ्या हाताच्या निर्जीव बोटांचा वजनासारखा उपयोग करून, त्या कागदांच्या छोट्या पेट्या दुमडत. जुन्या बायका अशा पेट्या करून त्यात कचरा टाकतात. वॉर्डात ते सगळ्यांना गोड वाटे.

सफाईची बाई त्या दिवशी रजेवर होती. नऊच्या सुमारास दमयंतीने स्वतःच पलंगाकडची कालची पेटी उचलली, तर तिचा तळ ओला होऊन फाटला आणि आतले टिश्यूचे चौकोन जमिनीवर पडले. बारा-तेरा तरी असतील, एकसारखे घडी घातलेले. एक उलगडला. आत पेज होती. दुसऱ्यात भोपळ्याचा पिवळा लगदा. तिसऱ्यातही तेच.

तिने पडदा ओढून घेतला आणि खाली बसली. कुवाबारा-सान तिच्याकडे पाहत होत्या, चोरी पकडलेल्या पोरीसारख्या नव्हे, तर पाहुण्याच्या हातून कप फुटल्यावर यजमानीण पाहते तशा.

त्या घास लुळ्या गालात साठवून ठेवत होत्या, आणि दमयंती लिहायला वळली की टिश्यूत काढत होत्या. थोडे गिळले जाई, कधी ठसक्यानिशी. आता सगळे एकापाठोपाठ एक तिच्या ध्यानात येऊ लागले. पूर्ण जेवूनही दीड किलो वजन का घटले, हे डॉक्टरांना उमगत नव्हते. त्यासाठी काल रक्त काढले होते, आणि डाव्या कोपराच्या खळग्यात जांभळा डाग अजून पसरत होता. आणि दहाचे हे आकडे पाहूनच आहारतज्ज्ञांनी ठरवले होते, की उद्यापासून लगद्याऐवजी मऊ तुकड्यांचे जेवण सुरू करायचे. दुपारी दोनच्या बैठकीत ते कुवाबारा-सानच्या मुलीला सांगायचे होते. ती शिझुओकाहून मुद्दाम येत होती. तुकडा गालात राहिला आणि श्वासनलिकेत उतरला तर काय होते, ते दमयंतीने शनिवारच्या वर्गात वहीत लिहून घेतले होते. खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

"का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"सांगत होते की. रोज."

कुवाबारा-सान जरा थांबल्या. बोलताना त्यांना श्वास गोळा करावा लागे.

"तुम्ही इतक्या मनापासून भरवता. नाही म्हणणं बरं दिसत नाही." मग छताकडे पाहत, "मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. बत्तीस वर्षं. ताट संपल्याशिवाय मुलांना उठू देत नसे. एक मुलगी गाजर गालात धरून तासभर बसायची. तिची आठवण येते हल्ली."

टिश्यू गोळा करून दमयंती उठली तेव्हा त्यांनी तिची बाही धरली. आज मुलगी येणार आहे, तिला दहाचा आकडा फार आवडतो, आज सांगू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुढचे दोन तास दमयंतीने चादरी बदलल्या, नखे कापली, दोघांना अंघोळीच्या खोलीपर्यंत नेऊन आणले. आणि मनात एक सोयीचा रस्ता आखला. आजपासून खरे आकडे लिहावेत. आज दुपारी चार, पुढच्या सकाळी तीन. भूक मंदावली असे म्हणून लोक तुकड्यांचे जेवण आपोआप लांबवतील. म्हातारीचा शब्द राहील, शुक्रवारही राहील. यात खोटे असे काहीच लिहावे लागणार नव्हते. पण मागचे अकरा दिवस तक्त्यावर तसेच उभे राहणार होते, आणि चांगले जेवणाऱ्या बाईची भूक एकाएकी का गेली, याचा शोध घ्यायला डॉक्टर पुन्हा रक्त काढणार होते, उजव्या हातातून. तो एकच हात त्यांना कागद दुमडायला उरला होता.

अकरा वाजता ती मोरिता-सानपुढे उभी राहिली. टिश्यूचे चौकोन तिने झाकणाच्या डबीत घालून आणले होते. तिने सगळे क्रमाने सांगितले. कुवाबारा-साननी काय मागितले तेही.

मोरिता-साननी डबी उघडली, बंद केली.

"अकरा दिवस?"

"मी होते ते सगळे. तिसरा दिवस आठवतो, तेव्हा ठसका लागला होता. मी पाठ चोळली आणि पुढचा चमचा दिला."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, तुमच्याकडे पाहुण्याला उठू देत नाहीत म्हणून."

"हो."

"मला तेव्हा हसू आलं होतं." मोरिता-साननी चष्मा काढून पुसला. "मीही दहा पाहून खूश झाले. एकदाही गाल तपासला नाही. ते माझ्या नावावर लिहा. शुक्रवारची परीक्षा मात्र होणार नाही, हे तुम्हाला कळतंय. निदान तीन महिने."

"कळतंय."

त्यांनी कपाटातून चुकीच्या नोंदीचा कोरा अर्ज काढून दिला आणि आहारतज्ज्ञांना फोन लावायला त्या वळल्या.

दमयंतीने अर्ज जपानीत लिहिला; दोनदा शब्दकोश पाहिला. मग जेवणाचा तक्ता काढला. इथे चूक खोडायची नसते, पुसायची तर नाहीच. तिच्यावर दोन समांतर रेघा मारायच्या, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी आपला शिक्का. तिने पट्टी लावून एकेका दहावर दोन रेघा ओढल्या. खरा आकडा तिला माहीत नव्हता, म्हणून तो लिहिला नाही. 'खाल्लेले प्रमाण अनिश्चित' असे प्रत्येक ठिकाणी लिहिले आणि नावाचा छोटा शिक्का उमटवला. इस्पितळाने तो पहिल्या दिवशी करून दिला होता. त्या सकाळच्या नोंदीपर्यंत येताना शाई फिकी झाली होती. तिने पॅड पुन्हा ओले करून घेतले.

बाराला जेवणाच्या गाड्या आल्या. दमयंतीने कुवाबारा-सानना उशी लावून उठवले, हनुवटी थोडी खाली घेतली, आणि आधी सांगून टाकले, की मी सांगितले आहे, लेकीलाही कळेल. त्यांनी खिडकीकडे पाहिले. रागावल्या की काय, ते कळेना. मग तोंड उघडले.

पहिला चमचा. दमयंती थांबली, गळ्याची हालचाल पाहिली, गाल उघडून पाहिला. दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला. चौथ्यानंतर त्यांनी उजवा हात छातीपाशी उभा धरला.

"गोचिसोसामा."

पंगतीतला सगळा आग्रह दमयंतीच्या ओठांपर्यंत आला. वाटीत भोपळा उरला होता, अजून कोमट होता. तिने चमचा ट्रेमध्ये ठेवला, वाटीवर झाकण घातले, आणि त्यांचे ओठ पुसले. या वेळी तिने पाठ फिरवली नाही. त्यांच्या समोरच, त्यांना दिसेल असा तक्ता धरून, तीन लिहिले.

कुवाबारा-साननी आकडा वाचला. मग उशाशी ठेवलेला एक चकचकीत कागद ओढला आणि दुमडायला घेतला. कागदाची एक कड सारखी निसटत होती. दमयंतीने ती बोटाने दाबून धरली.