आधी कॅप्सूल, मग यंत्र

कॅप्सूल तुम्ही पाठवल्या, यंत्रं पाठवली नाहीत. आधी एवढं कबूल करा, बाकीचं मग बोलू. थंडी येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. ती दरवर्षी येते, तिला आमंत्रण धाडावं लागत नाही. छातीचे रोगी कोण, ते कुठल्या दवाखान्यात जातात, कुठल्या दुकानातून औषध नेतात, हेही तुमच्या दप्तरी होतं. तरी तुम्ही अर्धाच माल पाठवला आणि वर विचारलंत, तयारी झाली का?

तो माल आला त्या सकाळी औषधाच्या दुकानात काउंटरवर दमधरा होती आणि तिच्यासमोर एक आजी तोंडाचा चंबू करून उभ्या होत्या.

दमधरा हे काही तिचं नाव नव्हे, गिऱ्हाइकांनी पाडलेलं. थंडीच्या आधी ती छातीच्या प्रत्येक रोग्याला दुकानात बोलावून घ्यायची, हातात पंप द्यायची आणि म्हणायची, "हवा सगळी बाहेर सोडा. आता दाबा, ओढा… आणि दम धरा." रोग्यानं करून दाखवल्याशिवाय औषधाची पिशवी काउंटरवरून सरकायची नाही. मालकांनीही कधी त्यात तोंड घातलं नाही. औषध विकायचा परवाना मालकांचा, पण रोगी तिचे.

"केस पांढरे झाले गं माझे हा पंप ओढून," आजी म्हणाल्या. "मला काय शिकवतेस?"

"मग दाखवा की."

आजींनी पंप दाबला. फवारा नाकावरून चष्म्यावर गेला.

"आजी, हे औषध आहे, अत्तर नाही."

रांगेतले हसले, आजीही हसल्या आणि हसता हसता खोकल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी नीट ओढला. तेवढ्यात आतून मालकांची हाक आली. चष्मा कपाळावर चढवून ते एका उघड्या खोक्यात वाकून बघत होते.

"यात यंत्रं दिसतायत का गं तुला?"

खोक्यात कॅप्सूलच होत्या. औषध नवं होतं. जुना पंप बंद करून थंडीच्या आत सगळ्या रोग्यांना या औषधावर आणायचं, असा वरचा हुकूम होता. ही कॅप्सूल गिळायची नसते. मुठीत मावेल एवढं प्लॅस्टिकचं यंत्र असतं, त्यात ती ठेवायची, बटण दाबून टोचायची आणि आतली पूड तोंडानं छातीत ओढून घ्यायची. गिळली तर पोटात जाते. पोटाला दमा नसतो.

मालकांनी वरच्या कचेरीत फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकलं, मग पलीकडे बाई आली.

"यंत्रं पुढच्या गाडीनं येतील."

"मग कॅप्सूलही तेव्हाच देतो."

"नाही नाही, साठा पडून राहता कामा नये. थंडीच्या आधी सगळे रोगी नव्या औषधावर गेलेले दिसले पाहिजेत."

"दिसले पाहिजेत म्हणजे?"

"दिसले पाहिजेत," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मालक भिंतीपलीकडच्या दवाखान्यात गेले. तिथे डॉक्टरीणबाई पदर खोचल्यासारख्या बाह्या सारून खुर्च्या हलवत होत्या. खोकणाऱ्यांचा बाक खिडकीशी, बाकीच्यांचा आत, मुखपट्ट्यांचं खोकं दाराशी. ही त्यांची दरसालची लढाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बंदूक नंतर देतो, गोळ्या आधी घ्या, असंच ना? बरं. कॅप्सूल द्या, पण प्रत्येकाला बजावून सांगा की यंत्र हातात येईपर्यंत पाकीट उघडायचं नाही. तोवर जुना पंप चालू."

दमधरानं बजावलं. पिशवीवर बोट आपटून, एकेकाला, शपथ घालावी तसं. आजींना तर तिनं परत म्हणून दाखवायला लावलं. "यंत्र आल्याशिवाय हात लावणार नाही, लावणार नाही," आजी म्हणाल्या. "लग्नातसुद्धा एवढ्या शपथा घेतल्या नव्हत्या." एकही रोगी सुटला नाही.

एक सुटला. तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

दादा भट्टीवाला. अर्धं आयुष्य बेकरीत गेलेलं. पीठ मळताना जेवढं पोत्यातून परातीत गेलं, त्याच्या खालोखाल त्याच्या छातीत गेलं असावं. काम सोडलं तरी पहाटेची जाग सुटली नाही. घरच्या छोट्या भट्टीत तो अजून पाव भाजायचा आणि गल्लीत वाटत सुटायचा. जिन्यात दोनदा थांबायचा. विचारलं तर म्हणायचा, "थांबलो नाही, देखावा बघतोय." जिन्यात भिंत होती.

त्याचं औषध न्यायला वहिनी आली तो दिवस लशीचा होता. दवाखान्याची रांग दुकानाच्या पायरीवरून वळून रस्त्यावर गेली होती. सगळे खोकत होते आणि सगळे दुसऱ्याच्या खोकल्याकडे रागानं बघत होते. दमधरानं वहिनीच्या हातात पिशवी दिली.

"वहिनी, हे नवीन आहे हं. दादाला सांग…"

पायरीवर धप्प आवाज झाला. इंजेक्शन घेऊन निघालेला एक धिप्पाड गृहस्थ सुई आठवून आडवा झाला होता. दमधरा धावली. पाय वर धर, पाणी आण, वारा घाल. तो शुद्धीवर येऊन "मला काही झालं नव्हतं" म्हणेपर्यंत वहिनी निघून गेली होती.

दमधराच्या मनात आलं, घरचंच माणूस आहे, रविवारी जाऊन सांगेन. परक्यानं पिशवी अशी नेली असती तर ती त्याच्या मागे रस्त्यावर पळाली असती. रविवारी तुम्ही लशीचं जादा शिबिर लावलं. त्याच्या पुढच्याही रविवारी.

पिशवीवर दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली होती. दुकानातल्या संगणकाला कॅप्सूल म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक होती: एक कॅप्सूल सकाळी, एक संध्याकाळी. ती चिठ्ठी दमधरानंच चिकटवली होती, कोपरे अंगठ्यानं नीट दाबून.

मध्यंतरी दादा एकदा दुकानात आला. कागदात गुंडाळलेला गरम पाव त्यानं काउंटरवर ठेवला.

"चिमणे, खा. रांग काही पळून जात नाही."

पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमणी म्हणणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. तिच्या कानाशी फोन होता. यंत्रांची गाडी कुठवर आली ते ती विचारत होती आणि गाणं ऐकत होती.

"बरा आहेस ना?"

"झकास. तुझ्या नव्या औषधाला मानलं बुवा. ते दाबा, ओढा, दम धरा, सगळी कटकट गेली. पोटालाही हलकं आहे."

"हो का? बरं झालं," ती म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "हॅलो? हो, मी धरून आहे."

"आणि जुना पंप जपून ठेवलाय हं. आता मिळायचा नाही म्हणतात. अडीनडीला असावा."

"शहाणा आहेस."

"ते तू आत्ता ओळखलंस?" म्हणत तो गेला. पायरीवर थांबला, देखावा बघितला, मग रस्त्याला लागला.

पलीकडच्या बाईनं सांगितलं, पुढच्या गाडीनं.

थंडी आली. आधी धुकं, मग कोरडा बोचरा वारा. डॉक्टरीणबाईंच्या खिडकीशी असलेला बाक पुरेना, तेव्हा घरून त्यांनी स्वतःचं स्टूल आणलं. दमधराचे रोगी जुने पंप पुरवून पुरवून वापरत होते. कुणी तळाशी कान लावून हलवून बघायचं, कुणी शेजाऱ्याकडे उसना मागायचं. आजींनी एका दुपारी काउंटरवर पाकीट आपटलं. "हे घे तुझं. शपथ पाळली. आता यंत्र दे नाहीतर शपथ सोडव." डॉक्टरीणबाई रोज वर फोन करायच्या आणि रोज त्यांचा आवाज थोडा खाली यायचा. तरीही त्या थंडीत त्यांच्या रोग्यांपैकी फार कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं नाही. बजावलेलं कामी आलं.

दादाला न्यावं लागलं.

सकाळी वहिनीचा फोन आला, तशी दमधरा अंगावरच्या पांढऱ्या कोटानिशी निघाली. मोठ्या दवाखान्याच्या बोळात वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक तरुण डॉक्टर दाराबाहेर आला. मुखपट्टीच्या वर त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"नेहमीचं औषध घेत होते ना?"

"अगदी वेळेवर," वहिनी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. मीच द्यायचे."

"कसं द्यायचात?"

"कसं म्हणजे? पाण्याबरोबर."

 डॉक्टरनं दमधराच्या अंगातल्या कोटाकडे पाहिलं, खिशावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि आत गेला.

दमधरा उभीच होती. पोटालाही हलकं आहे. ते वाक्य तिच्या कानावर पडलं होतं, तिनं त्याला उत्तरही दिलं होतं, बरं झालं म्हणून.

दुपार कलायच्या आत दादा गेला. त्याची छाती शेवटपर्यंत वर-खाली होत होती, पण आत काही जात नव्हतं, असं वहिनीनं नंतर सगळ्यांना सांगितलं. सांगताना ती दर वेळी म्हणायची, "औषध मात्र एक दिवस चुकवलं नाही हो त्यांनी." दमधरा दर वेळी ते ऐकायची. नंतर एका संध्याकाळी तिनं वहिनीला स्वयंपाकघरात बसवलं, दार लोटलं आणि खरं काय ते सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं, उठून ओटा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाली, "मग चिठ्ठीवर तसं का लिहिलंत?"

 तिच्या वाट्याचं जेवढं होतं तेवढं तिनं तिथंच, त्या ओट्यापाशी, पदरात घेतलं. उरलेलं तिचं नाही.

ती कामावर परतली तेव्हा दुकानात यंत्रं आली होती. खोकीच्या खोकी. सोबत तुमचा रंगीत तक्ता: हसणारं कुटुंब, गळ्यात मफलर, खाली मोठ्या अक्षरांत 'आम्ही थंडीसाठी सज्ज'. थंडी उतरणीला लागली होती.

तक्ता दर्शनी लावलाय का, याचा फोटो काढायला तुमचा माणूस आला. गरीब माणूस, कोटाची एक गुंडी तुटलेली, स्वतःच खोकणारा. मालकांनी त्याला बसायला स्टूल दिलं. तो यंत्रं काउंटरवर ओळीनं मांडत होता, फोटोत दिसावीत म्हणून. तेवढ्यात वहिनी आत आली.

तिनं पिशवीतून दोन वस्तू काढून ठेवल्या. एक, कॅप्सूलची रिकामी पाकिटं, रबर लावून एकावर एक रचलेली. दुसरा, जुना पंप. "कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यात सापडला. त्या सकाळी मी सगळं घर उलथं केलं होतं गं. एवढा जपून ठेवला होता की मलाच मिळाला नाही." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "वापरायचं नसलेलं तुम्ही परत घेता ना? कचऱ्यात टाकू नये म्हणतात."

"घेतो," दमधरा म्हणाली.

तिनं पंप उचलला आणि सवयीनं कानाशी हलवला. तो भरलेला होता. तिनं झाकण काढलं, दाबलं. पांढरा फवारा काउंटरवर उठला, ओळीनं मांडलेल्या यंत्रांवर तरंगला आणि विरला. कुणी तो ओढून घेतला नाही.

तुमच्या माणसानं कॅमेरा खाली केला.

"कॅप्सूल आधी आणि यंत्रं नंतर," दमधरानं त्याला विचारलं. आवाज चढला नव्हता. आजींशी बोलायची तसाच होता. "हे कुणी ठरवलं?"

"बाई, माझ्या हातात काही नसतं."

"मग कुणाच्या हातात असतं?"

"वरच्यांच्या."

"त्यांना विचाराल?"

तो खोकला. "विचारतो," म्हणाला आणि फोटो न काढताच गेला.

दमधरानं मांडलेलं एक यंत्र उचललं. दाराशी आजी काठी टेकून उभ्या होत्या, त्यांना आत बोलावलं. कॅप्सूल ठेवली, टोचली, यंत्र त्यांच्या हातात दिलं. "हवा सगळी बाहेर. आता ओढा." पुढचे दोन शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेनात. आजींनी ते स्वतःच म्हटल्यासारखे डोळे मिटले आणि श्वास आत धरला.

तो माणूस अजून उत्तर घेऊन आलेला नाही. तो येणारही नाही. त्याला पाठवू नका. तुम्ही या. ज्यानं ही गाडी आधी सोडली आणि ती मागे ठेवली, तो जो कुणी असेल त्यानं यावं, काउंटरच्या या बाजूला उभं राहावं आणि वहिनीच्या तोंडावर सांगावं, यंत्राशिवाय त्या कॅप्सूलचं दादानं काय करायचं होतं?