डावीकडचं पेडल

मोजणीदाराची जीप ब्रेकने थांबत नसे, भूगोलाने थांबे. त्याची सारी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे कुठला रस्ता कुठे चढतो ते त्याला तोंडपाठ. टपाल कचेरीत काम असलं की हा पाण्याच्या टाकीपासूनच ब्रेकवर उभा राही. गाडी कचेरी ओलांडून पुढे जाई, चढावर दमे आणि घरंगळत मागे येऊन बरोबर दारात थांबे. एकदा मी वाटेत हात केला, तर ती माझ्यापाशी परत येईपर्यंत माझी दाढी वाढली होती. खोटं वाटत असेल तर न्हाव्याला विचारा.

"चारही चाकांना जोर आहे," तो छाती काढून सांगे. "भिंतीवर चढेल!"

"चढेल हो," वहिनी म्हणत, "उतरायचं कसं तेवढं सांगा."

वहिनी म्हणजे त्याची बायको. तीस वर्षं डावीकडे बसून दर वळणाला त्यांनी पायाखालचा पत्रा दाबला होता. पत्र्याला एवढा खळगा पडला होता की पाणी साठलं तर चिमणी आंघोळ करून गेली असती.

मग डोंगरापलीकडे दिलेल्या लेकीला बारा वर्षांनी मूल झालं. तिकडे बस जात नाही. त्या वाटेला चारही चाकांनी ओढणारी गाडीच हवी. वहिनींनी दुपटी शिवून ठेवली, पिशवी भरली आणि जाहीर केलं, "नात बघायला जीव तुटतोय. पण हिचे ब्रेक बदलल्याशिवाय मी हिच्यात बसणार नाही. तुम्ही एकटे जा आणि लेकीला कारण सांगा."

लेकीला कारण सांगायची छाती मोजणीदाराला नव्हती. जीप फिटरकडे गेली.

हा फिटर अजब माणूस. त्याचं एक तत्त्व होतं, "गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. ज्याला जेवढं पचेल तेवढंच वाढायचं." त्याने पुढचे जुने ड्रम काढून डिस्क बसवल्या, पेडलला जोर देणारा डबा बसवला, नळ्या बदलल्या, नवं तेल भरलं. राहिलं फक्त नळ्यांतली हवा काढणं. त्यासाठी एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून बोल्ट सैल करायचा.

"दाबा… धरा… धरा म्हणतोय, साहेब!"

मोजणीदार दाबता दाबता मला दाबाचं शास्त्र समजावत होता आणि मुद्दा संपला की पाय काढत होता. हवा पुन्हा आत. तीनदा झालं.

"साहेब, तुम्ही जरा चहा घ्या. ताई, तुम्ही या."

वहिनी बसल्या. दाबा म्हटलं की दाबलं, धरा म्हटलं की धरलं, सोडा म्हटल्यावरच सोडलं. चारही चाकं एका दमात झाली. फिटर चाकाआडून त्यांच्या पायाकडे बघत राहिला, सोनार दागिन्याकडे बघतो तसा.

संध्याकाळी त्या खळग्यावर नवा पत्रा आला आणि पत्र्यावर एक पेडल.

"हे कशाला?" मोजणीदाराने विचारलं.

"ताईंच्या समाधानाला," फिटर त्याच्या कानात म्हणाला. वहिनींना मात्र त्याने मोठ्याने सांगितलं, "ताई, हे तुमचं. लागेल तेव्हा दाबा."

मीही मागच्या बाकावर बसून निघालो. घाट चढताना मोजणीदाराला हसू आवरेना. वहिनींनी पेडल दाबलं की गाडी हळू होई, आणि हा आरशातून मला डोळा मारी. "नकली आहे रे," त्याने चहाला थांबल्यावर माझ्या कानात सांगितलं. "थांबवतो मी, पुण्य तिला!"

उतार लागला. लेकीचं घर खाली दिसायला लागलं, अंगणात वाळत घातलेल्या लंगोटांसकट. मोजणीदार मला उताराचं गणित सांगत होता, आणि तेवढ्यात त्याची चप्पल ऍक्सिलरेटरच्या दांडीत अडकली. पाय वर येईना. गाडी सुटली. समोर वळण, वळणापुढे नुसतं आभाळ. गणित तोंडातच राहिलं.

मी मागच्या बाकावरून वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलवर त्याचा पाय नव्हता. कुणाचाच नव्हता. आणि ते पेडल आपलं आपण, शहाण्यासारखं खाली गेलं.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. इतकी एकदम, की आमची सावली चार पावलं पुढे जाऊन परत आली.

मग मोजणीदाराने घसा खाकरला. "बघितलेस माझे नवे ब्रेक?"

"बघितले," वहिनी म्हणाल्या. पाय अजून दाबलेलाच होता. "आधी चप्पल सोडवा. मी धरलंय."

अर्ध्या तासाने नात वहिनींच्या मांडीवर होती.

परतल्यावर मोजणीदार तणतणत फिटरकडे गेला. "नकली म्हणालास ना?"

"मी समाधानाला म्हणालो, साहेब. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून काढलेलं आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूचं."

हल्ली उतार आला की मोजणीदार चप्पल काढून ठेवतो आणि गप्प बसतो. गावात मात्र छाती काढून सांगतो, "माझे ब्रेक असे आहेत की मी पाय उचलायच्या आत लागतात!"

मी आयुष्यभर थापा मारल्या, म्हणून शपथेवर सांगतो, यात एक अक्षरही खोटं नाही.